एकशे सत्तर वर्षांची आवडी

पोलादपूर,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय माधुरी,

दिवाळीत वाडीवर येऊन तू ते छापलेलं पान माझ्या हातात दिलंस त्याला महिना झाला. तू म्हणालीस, काका, घाई नाही, पण डिसेंबरात आमचा खेळ संपतोय, त्याआधी अक्षदाचं वय तेवढं नक्की करून कळवा. नंतर तुझे दोन मेसेजही आले. मी ते वाचले आणि उत्तर दिलं नाही. रागावलो नव्हतो. फोनवर मला दोन ओळींच्या वर लिहिता येत नाही, आणि हे दोन ओळींत मावणारं नाही. आज रविवार, शाळेचं ऑफिस बंद आहे, म्हणून तिथलेच कोरे कागद घेऊन खोलीवर लिहायला बसलो आहे. पत्र लिहायची सवय नाही. अर्जासारखं वाटलं तर चालवून घे.

वाडीवर सगळे आहेत तसेच आहेत. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला. मीना आईजवळ वाडीवरच राहते. इथे पोलादपूरच्या खोलीवर ती फेब्रुवारीनंतर एकदाच आली, अक्षदाचे कपडे घेतले आणि त्याच दिवशी परत गेली. मी शनिवारी दुपारी उमरठपर्यंत एसटीने जातो आणि वर चढतो. हल्ली चढताना तीनदा बसावं लागतं. मीना बोलते, पण कामापुरतं. म्हशीला वैरण घातली का, आईच्या गोळ्या आणल्या का. मीही तेवढंच बोलतो. आमच्या घरात तसंही कोणी फार बोलत नव्हतं, बोलणारी एकच होती.

तुमच्या त्या खेळाबद्दल मला पहिल्यांदा कळलं ते रिक्षात. तुम्ही महाडच्या कॉलेजात असल्यापासून खेळता हे माहीत होतं, पण पोरं फोनवर काहीतरी करतात एवढंच मी धरून चाललो होतो. जानेवारीत अक्षदाला मुंबईला न्यायचं ठरलं तेव्हा महाडहून वीर स्टेशनला रिक्षाने जात होतो. मीना मधे, ती कडेला, अंगावर शाल. ताप होता तरी तिची बडबड चालू होती. मला वाटतं आम्ही दोघं घाबरलोय हे तिला दिसत होतं. ती सांगत होती की स्वराज गोष्ट सांगतो, बाकीचे चौघं एकेक पात्र होतात, फासे फोनवर पडतात. प्रत्येक पात्राला एक जोडीदार असतो. मालक नसेल त्या दिवशी जोडीदाराने ते पात्र चालवायचं. आपल्या वाडीवर रेंज नसते म्हणूनच हा नियम करावा लागला, असं म्हणून ती हसली. तिच्या पात्राची जोडीदार तू.

मग तिने तुमच्या त्या जातीजमातींच्या आयुष्यांचा हिशेब सांगितला. ठिणगे नावाचे लोक तीस वर्षं जगतात, दहाव्या वर्षी म्हातारे दिसायला लागतात. मेटकरी घाटातल्या चौक्या राखतात आणि सातशे वर्षं जगतात. मी विचारलं, मग ठिणगा व्हायला तयार कोण होतं? ती म्हणाली, "बाबा, स्वराज गोष्ट सांगता सांगता होतो ना. त्यांना सगळ्याची घाई, म्हणून मजा येते. मेटकऱ्याला सातशे वर्षं एकाच घाटाकडे बघत बसायचं. तुम्ही असता तर मेटकरीच झाला असता. आताही खिडकीत बसूनच असता." रिक्षावालाही हसला. मीना म्हणाली, "बापाला नावं नको ठेवूस गो, तुझीच जात ती." त्या दिवशी आम्ही तिघं हसलो ते शेवटचं.

तू दिलेलं पान मी पहिल्यांदा वाचलं तेव्हाही मला थोडं हसू आलं होतं. पात्राचं नाव आवडी. ते माझ्या आजीचं नाव, वाडीतल्या कुणालाही आता आठवत नाही, ते तिने कुठून काढलं कोण जाणे. जमात मेटकरी. आयुष्य सातशे. वयात येणं एकशे ऐंशीला. खाली तिने लिहिलंय की मेटकऱ्यांचा कारकून वर्षातून एकदाच डोंगर चढून येतो आणि त्याच दिवशी सगळ्या पोरांच्या नोंदी करतो, म्हणून सगळ्या मेटकऱ्यांचा वाढदिवस एकच असतो, एक जून. हे वाचून मला शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातला आपल्या वाडीचा कागद डोळ्यांसमोर आला. नाथू, चांगू, मंजुळा, चंदन, सगळे एक जूनचे. तू आणि अक्षदा पण. दर एक जूनला तुम्ही दोघी एकच केक आणून कापायच्या.

त्यानंतरची ओळ वयाची. एकशे सत्तर.

तुझी अडचण मला समजली आहे, तू नीट समजावून सांगितलीस. तुमच्या नियमाप्रमाणे खेळणाऱ्याची जितकी वर्षं पूर्ण झाली असतील त्याच्या दहापट मेटकऱ्याचं वय. जानेवारीत सगळ्यांनी पानं नव्याने भरली तेव्हा तुझ्या पानावर तू एकशे ऐंशी लिहिलंस. तुम्हा दोघींची जन्मतारीख एकच, तर तिचं एकशे सत्तर कसं? स्वराज म्हणतो तापात चुकून लिहिलं असेल, दुरुस्त करून टाकू. पण दुसरा नियम असा की वयात न आलेल्या पात्राला खेळात मारता येत नाही, लढाई झाली तरी त्याला घरी पाठवायचं. शेवटच्या भागात घाटातले सगळे मेटकरी पडणार आहेत. आवडी एकशे ऐंशीची असेल तर तिलाही त्यांच्याबरोबर पडावं लागेल, आणि तुम्हा मुलांना ते योग्य वाटतंय, तिचा मान राखल्यासारखं. एकशे सत्तरची असेल तर तिला डोंगरावर परत पाठवावं लागेल. म्हणून तू विचारलंस की खरं वय कोणतं. एवढा साधा प्रश्न. महिनाभर मी त्याच्यावर बसून आहे.

आधी तुला तुझ्याबद्दलचं एक सांगतो. त्यात तुझा दोष नाही, हे पत्र वाचताना पुन्हा पुन्हा लक्षात ठेव. तुझे बाबा मुंबईची नोकरी सुटल्यावर तुम्हाला घेऊन वाडीवर आले तेव्हा तू सहा वर्षांची होतीस, २०१२ चा मे महिना. त्या जूनमध्ये तुला पहिलीत घालणार होते. खालच्या शाळेपर्यंत पाऊण तासाची उतरण, मधे पावसात दुथडी भरणारे दोन वहाळ. वाडीत तेव्हा शाळेत जाणारी दुसरी मुलगी नव्हती. अक्षदा पाच वर्षांचीही झाली नव्हती. मी विचार केला की आत्ता तुझ्याबरोबर घातली तर दोघी हात धरून जातील. अजून एक-दोन वर्षं थांबलो तर तू पुढे गेलेली असशील आणि तिला वहाळ एकटीने ओलांडावे लागतील. ती घरी जन्मली होती, कुठे नोंद नव्हती. गुरुजींनी तारीख विचारली. मी तुझीच सांगितली. ते म्हणाले, "मुरारी, दोघीपण एक जून?" मी म्हणालो, "लिवा गुरुजी, आमच्या वाडीत दुसरी तारीखच नाय." ते हसले आणि त्यांनी लिहिलं. मी प्रतिज्ञापत्रावर सही केली. ती सोळा महिन्यांनी मोठी झाली. मला त्यात काही वाईट केलं असं वाटलं नाही. खाली उतरणाऱ्या तुमच्या दोन वेण्या वरून दिसायच्या तेव्हा तर चांगलंच केलं असं वाटायचं.

तेव्हा मी हायस्कूलच्या ऑफिसात लागून पाच वर्षं झाली होती. माझं काम तुला माहीत आहे, दाखले देणं. अठरा वर्षांत जन्मतारीख बदलून मागायला आलेल्या किती जणांना मी खिडकीतून परत पाठवलं असेल याची गणती नाही. वाक्य ठरलेलं आहे, कागदावर आहे तेच बरोबर. चंदन पोलीस भरतीसाठी आला होता. तो खरा दीड वर्षाने लहान होता, हे वाडीत जन्मलेल्या मला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याची आई खिडकीशी येऊन म्हणाली, "मुरारी, तुज्या डोळ्यांदेखत झालाय तो." मी त्यांनाही तेच वाक्य सांगितलं. त्याची वयाची अट चार महिन्यांनी हुकली. तो आता महाडच्या एमआयडीसीत टेम्पो चालवतो. फेब्रुवारीत रस्ता संपतो तिथून वाडीपर्यंत अक्षदाला वर आणायची होती तेव्हा पहिला खांदा त्याने दिला आणि शेवटपर्यंत कोणाला दिला नाही.

आता इस्पितळातलं सांगतो. हे मीनाला माहीत नाही.

मुंबईला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, रक्ताचा कर्करोग. तारीख तेरा जानेवारी. मीना औषधं आणायला खाली गेली होती. एक तरुण डॉक्टर बाई आल्या, हातात अक्षदाचा कागद. त्यांनी मला पलंगाजवळच विचारलं, "हिचं वय अठरा वर्षं सात महिने लिहिलंय. बरोबर आहे ना? गावाकडच्या तारखा बऱ्याचदा अंदाजे असतात म्हणून विचारते. अठराच्या आत असेल तर सांगा, मी मुलांच्या विभागात बोलते. तिथली औषधाची पद्धत वेगळी आहे आणि या वयात ती जास्त लागू पडते, असं आमचं मत आहे."

त्या अगदी साधेपणाने विचारत होत्या. कोणतं प्रमाणपत्र मागत नव्हत्या. फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. आणि मी म्हणालो, "कागदावर आहे तेच बरोबर."

मी भ्यालो होतो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. भीती नंतर आली, खोटं प्रतिज्ञापत्र, नोकरी, दहावी-बारावीचे दाखले, सगळं नंतर सुचलं. त्या क्षणी काहीच सुचलं नव्हतं. कोणीतरी कागद हातात धरून जन्मतारीख विचारली आणि अठरा वर्षं जे तोंडातून निघतं तेच निघालं. डॉक्टर बाईंनी मान हलवली, कागदावर खूण केली आणि त्या गेल्या. अक्षदा जागी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं पाणी हवंय. मी विचारलं, पाणी देऊ? ती नको म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी तिला मोठ्यांच्या वॉर्डात नेलं. शेजारच्या पलंगावर साठीच्या एक बाई होत्या. मीना मला म्हणाली, "एवढ्याश्या पोरीला इथं का ठेवली?" मी म्हणालो, तिकडे जागा नव्हती.

मी रोज ठरवत होतो की आज जाऊन सांगू. सकाळी राउंडला सहा-सात जण असत, सगळ्यांसमोर कसं बोलायचं. दुपारी त्या बाई नसत. मग उपचार सुरू झाले आणि वाटलं, आता मधेच बदलायला सांगितलं तर काही उलटं व्हायचं. असे अठरा दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी जंतुसंसर्ग झाला. दोन फेब्रुवारीला ती गेली. नंतर मी त्या डॉक्टर बाईंना जिन्यात गाठून विचारलं, मुलांच्या विभागात असती तर? त्या म्हणाल्या, तसं काही सांगता येत नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्यांना कारण माहीत नव्हतं. मला मात्र तेव्हापासून हेच कळत नाही की "सांगता येत नाही" याचा अर्थ मी कोणत्या बाजूने धरायचा. वाचली नसती असं कोणी खात्रीने सांगितलं तर मी आजच्या आज झोपेन. वाचली असती असं खात्रीने सांगितलं तर निदान काय ते कळेल.

मृत्यूच्या दाखल्यावर वय अठरा आहे. तो दाखला मी स्वतः जाऊन आणला. तिथल्या कारकुनाने विचारलं, वय बरोबर? मी मान हलवली.

तू दिलेल्या पानावर खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ते कधी भरलं ती तारीख छापून आली आहे. तू पाहिली नसशील. चौदा जानेवारी. संक्रांत. म्हणजे त्या बाईंनी मला विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मोठ्यांच्या वॉर्डातल्या पलंगावर पडून, हाताला सुई लावलेली असताना तिने ते भरलं. तापात चुकून शून्याच्या आधीचा आकडा बदलत नाही. तिने दहाने गुणलं होतं, आणि सतराला गुणलं होतं.

मी भाऊबीज झाल्यावर आईला विचारलं, अक्षदाला जन्म कधीचा ते तू सांगितलं होतंस काय. आई उन्हात वाल सोलत बसली होती. म्हणाली, "दहावीचा फारम भरताना तिनी इचारलान. मी सांगितला. दसऱ्याच्या आदल्या दिशी झालीस, मी गोंड्याची माळ ववत व्हती ती तशीच टाकून उठली. खोटा कशाला सांगू? शाळेत खोटा सांगतात, घरात नाय." मग म्हणाली, "मला म्हणाली, आजी, बाबांना नको सांगूस मला कळलाय ते. त्यांना वाईट वाटंल."

तीन वर्षं, दहावी झाल्यापासून, दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती संध्याकाळी येताना बाजारातून पाव किलो पेढे आणायची. पहिला मला द्यायची. मी एकदा विचारलं, दसरा उद्या आहे, आज कसले पेढे? म्हणाली, "असेच. खा की." मी खाल्ले. यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी ऑफिसात होतो, एका मुलाचा दाखला लिहीत होतो, आणि मला काहीही आठवलं नाही, कारण ते पेढे कशाचे होते हे तेव्हा मला माहीतच नव्हतं.

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. तिने माझं उत्तर ऐकलं, ते खोटं आहे हे तिला कळलं, त्याने काय होणार आहे तेही डॉक्टर बाईंनी तिच्यासमोरच सांगितलं होतं, आणि तरी ती बोलली नाही. एक शब्द बोलायचा होता. मी तिथेच बसलो होतो, रोज, तिच्या पायाशी, आणि मी पण बोललो नाही. इतके दिवस मला वाटत होतं की हे मी एकट्याने केलं. आता कळतं की तिने मला सांभाळलं. हे त्याहून वाईट आहे. माझं मलाच झेपत होतं असं नाही, पण निदान ते माझं होतं.

तिने एकशे सत्तर का लिहिलं ते मला सांगता येत नाही. तुम्हा मुलांना कळावं म्हणून, की निदान एका ठिकाणी खरं असावं म्हणून, की नुसता तुमचा नियम पाळला म्हणून. की तिथे लहान मुलांना मारत नाहीत हे तिला माहीत होतं म्हणून. यातलं शेवटचं मनात आलं की मी उठून बाहेर जातो.

माधुरी, मी अठरा वर्षं नोंदी केल्या आणि आता माझ्या मुलीची एकही नोंद मला दुरुस्त करता येत नाही. शाळेची, दहावीची, आधारची, इस्पितळाची, पंचायतीची, सगळीकडे ती माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. मीनाला मी सांगणार आहे. कधी ते माहीत नाही, पण तू सांगू नकोस, ते मलाच सांगू दे. तुमच्या खेळातलं ते पान तेवढं राहिलं आहे, जिथे तिने स्वतःच्या हाताने लिहिलं आणि मला कोणी विचारलं नव्हतं. आता तू विचारते आहेस. पुन्हा एकदा कोणीतरी कागद हातात धरून मला माझ्या मुलीचं वय विचारतंय, म्हणून हे पत्र लिहिलं. स्वराजला सांग, ती चूक नाही, खोडू नका. जन्म २० ऑक्टोबर २००७, शनिवार, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी. ठिकाण आमच्या घराची पडवी. त्या वेळी हजर माझी आई धोंडूबाई, वय माहीत नाही, आणि मी. मी त्याच दिवशी खिशातल्या डायरीत लिहून ठेवलं होतं, ते पान फाडून सोबत पाठवतो आहे, परत करू नकोस. पूर्ण वर्षं सतरा. तुमच्या हिशेबाने एकशे सत्तर. बाकीचे घाटात पडले की आवडीला वाडीवर पाठवून दे. चढणीला वेळ लागेल, तिला एकटीला सवय नाही, तेव्हा जमलं तर शेवटच्या वहाळापर्यंत तू बरोबर जा.

तुझाच,
मुरारीकाका